ऐकणाऱ्याचं बोट आत्ता कुठे आहे? कोल्हापुरातून सुलभ तंत्रज्ञानाचा पॉडकास्ट सुरू करताना

आमच्या पॉडकास्टचा चौथा भाग २८ डिसेंबरला प्रसिद्ध झाला. विषय एकच: दिव्यांग माणसाला रोज लागणारं तंत्रज्ञान आणि ते वापरताना नेमकं कुठे अडतं. भाषा मराठी, भाग पंचवीस-तीस मिनिटांचा, पंधरा दिवसांनी एक. जूनमध्ये कामाला लागलो तेव्हा महिन्याभरात पहिला भाग काढू असा हिशोब होता. तो निघाला १६ नोव्हेंबरला. मधले पाच महिने कशात गेले, पैसे किती लागले, काय चुकलं आणि का चुकलं, हे क्रमाने लिहून ठेवतोय. असं काही सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांची निम्मी पायपीट तरी वाचावी.

आम्ही चौघं आहोत. संपादन करणारा मित्र पूर्ण अंध आहे आणि संगणक एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर, वापरतो. बाहेर जाऊन आवाज टिपणारी मैत्रीण व्हीलचेअरवर असते. तिसऱ्याला दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. आवाज आणि लिखित प्रत तपासणं त्याच्याकडे. संहिता मी लिहितो.

कामाला लागायला निमित्त झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या ३० एप्रिल २०२५ च्या निकालाचं. ऑनलाइन केवायसी करताना समोरचा माणूस खरा आहे हे बघायला 'डोळे मिचकावा' असं सांगितलं जातं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या माणसांनी आणि अंधांनी ते कसं करायचं, हा त्या प्रकरणातला प्रश्न होता. डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आणि वीस निर्देश दिले. बातमी सगळ्यांपर्यंत पोचली. पण 'मग माझ्या फोनवर मी आता काय करू?' असं आम्हाला विचारणारे फोन थांबले नाहीत. त्या फोनना एकेकट्याला उत्तर देण्यापेक्षा ध्वनिमुद्रित करून ठेवावं, एवढाच पहिला विचार.

जून: आधी फोन, मग माइक

९ ते २० जून या काळात आम्ही सतरा जणांना फोन केले. कोल्हापूर शहर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर. 'कुठला विषय ऐकायला आवडेल?' असं विचारलं की लोक सभ्यपणे 'काहीही चालेल' म्हणतात. म्हणून प्रश्न बदलला: 'गेल्या आठवड्यात फोनवरचं कुठलं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं?' याला मात्र ठोस उत्तरं आली. ओटीपी ऐकून टाइप करेपर्यंत वेळ संपते. संस्थेची नोटीस पीडीएफमध्ये येते आणि फोन ती वाचतच नाही. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, अर्जात फोटो नेमका केवढा लागतो ते कळत नाही. बैठकीत चारजण एकदम बोलले की श्रवणयंत्र असूनही काही हाती लागत नाही. त्यावरून नियम ठरला: एका भागात एकच काम, आणि भाग संपेपर्यंत ऐकणाऱ्याकडून ते काम झालेलं असलं पाहिजे.

याच फोनमधून दुसरी गोष्ट कळली, ती आम्ही गृहीत धरलीच नव्हती. निम्म्याहून जास्त जणांनी पॉडकास्टचं ॲप कधी उघडलेलं नव्हतं. ऐकणं होतं ते व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर. दोघांकडे तर बटणांचा साधा फोन होता; ते मेमरी कार्डावर भजनं आणि कथाकथन भरून घेतात. म्हणून फाईल पहिल्यापासून लहान ठेवायची ठरवली: एमपी३, मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज), ६४ केबीपीएस. या हिशोबाने मिनिटाला जेमतेम अर्धा एमबी होतो, २८ मिनिटांचा भाग साडेतेरा एमबीत बसतो. बोलण्यासाठी एवढा दर्जा पुरतो. मोनो ठेवण्याला आणखी एक कारण आहे. एकाच कानाने ऐकू येणारा माणूस स्टिरिओत एका बाजूला टाकलेला पाहुणा गमावतो.

जागा, पाऊस आणि सोमवार

रेकॉर्डिंगची खोली मिळाली ती शिवाजी उद्यमनगरच्या जवळ, वर पत्रा. दिवसभर लेथ आणि ग्राइंडरचा आवाज, आणि जून संपताना पाऊस लागला की पत्र्यावर असा मारा की शेजारी बसलेल्याचं ऐकू येऊ नये. लेथवर तोडगा सोपा होता: उद्यमनगरची सुट्टी सोमवारी, म्हणून रेकॉर्डिंग सोमवारी. पावसावर तोडगा नाही. जुलैतले दोन सोमवार तसेच गेले, त्या दिवशी संहिता वाचून घेतली.

खोलीतला घुमारा घालवायला फोमच्या पट्ट्या लावायच्या का, यावर बरीच चर्चा झाली. शेवटी घरातल्या तीन जाड वाकळा दोरीवर टाकल्या: एक बोलणाऱ्याच्या पाठीमागे, दोन दोन्ही बाजूंना. आवाज भिंतीवर आपटून परत येतो तो पाठीमागून जास्त, म्हणून तिथली वाकळ सगळ्यात जाड. खर्च शून्य. पंखा बंद, फ्रीजही बंद. फ्रीज परत सुरू करायचं लक्षात राहावं म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवायची. किल्लीशिवाय कुणी घरी जात नाही.

माइक घेताना कंडेन्सर नको, डायनॅमिक घ्या. कंडेन्सर खोलीतलं सगळं टिपतो, अगदी गल्लीतला भाजीवालासुद्धा. डायनॅमिक जवळचं घेतो, लांबचं सोडतो. आम्ही थेट यूएसबीला लागणारा घेतला, ६,२०० रुपये. अंतर सांगायचं तर सेंटिमीटरमध्ये सांगून उपयोग नाही, हाताने मोजता आलं पाहिजे: डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटं, आणि अगदी समोर न ठेवता थोडा गालाच्या बाजूला. समोर ठेवला की 'प', 'फ', 'भ' ला फुंकर बसते. कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत. हे माप दिसणाऱ्या पाहुण्यांनाही नीट समजतं.

बाहेरच्या कामासाठी तारेचे दोन कॉलर माइक घेतले, दोन्ही मिळून १,७००. आमच्या माइकच्या डबीवर फोन आणि कॅमेरा असा सरकता खटका आहे. तो चुकीच्या बाजूला राहिला तर रेकॉर्डिंग होतं, पण आवाज तळाला जातो. फोनच्या बाजूला नखाने एक खाच पाडून ठेवली, आता हाताला कळते. नव्या फोनना गोल भोक नसतं, त्यामुळे टाइप-सीचे जोडही लागतात, दोनाचे ७००.

टॉकबॅकचा आवाज कुठे गेला?

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिला भाग टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, सुरू करण्यावर होता. फोन काय बोलतो ते ऐकणाऱ्याला ऐकवायलाच हवं. आम्ही फोनमधलं स्क्रीन रेकॉर्डर लावलं, 'फोनमधला आवाज आणि माइक' दोन्ही निवडलं आणि बावीस मिनिटं सगळं करून दाखवलं. नंतर ऐकलं तर आमचं बोलणं आहे, क्लिकचे आवाज आहेत, टॉकबॅकचा एक शब्द नाही. फोन बिघडलेला नव्हता. अँड्रॉइड दुसऱ्या ॲपला गाणी, व्हिडिओ, गेम अशा प्रकारचाच आवाज पकडू देतं. टॉकबॅकचा आवाज सुलभतेच्या वेगळ्या प्रकारात मोडतो आणि तो या मार्गाने मिळत नाही. सेटिंग बदलत दोन सोमवार घालवू नका.

फोनचा स्पीकर माइकसमोर धरणं हा दुसरा मार्ग. करून पाहिलं. टॉकबॅक लांबच्या डब्यातून बोलल्यासारखा येतो, आणि माणूस व फोन एकदम बोलले तर नंतर वेगळे करता येत नाहीत. शेवटी जमलं ते तारेने. फोनच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून लॅपटॉपला लावलेल्या यूएसबी साउंड कार्डाच्या लाइन-इनमध्ये, म्हणजे दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेणाऱ्या भोकात. लॅपटॉपच्या स्वतःच्या माइकच्या भोकात ती तार लावू नका. ते माइकच्या क्षीण आवाजासाठी बनवलेलं असतं, हेडफोनचा जोर तिथे फुटतो. लाइन-इन असलेलं कार्ड १,१०० रुपयांना, तार १५०. फोनचा आवाज साठ टक्क्यांवर. आता टॉकबॅकची पट्टी वेगळी, माणसाची वेगळी. दोन उपकरणांवर रेकॉर्डिंग असलं की सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे संपादनात दोन्ही पट्ट्या टाळीवर जुळवता येतात. एनव्हीडीए दाखवायचं असेल तेव्हाही हीच पद्धत: दाखवायला एक लॅपटॉप, टिपायला दुसरा.

त्या फोनवर इंटरनेट लागतं, त्यामुळे फ्लाइट मोड लावून पुन्हा वायफाय सुरू करायचं. मोबाइलचं नेटवर्क चालू राहिलं की तारेत 'टर्र टर्र' येते. आणि टॉकबॅकची गती कमी करायची. रोज वापरणाऱ्याची गती नवख्याला नुसता कलकलाट वाटते. मराठी आवाजाचा डेटा आधी उतरवून ठेवा, नाहीतर ऐन वेळी इंग्रजी आवाज मराठी मजकुरावर अडखळत बसतो.

संहिता: 'इथे क्लिक करा' चालत नाही

माझी पहिली संहिता अशी होती: 'सेटिंग्जमध्ये जा, खाली स्क्रोल करा, ॲक्सेसिबिलिटीवर क्लिक करा, वर उजवीकडचं बटण चालू करा.' दिसणाऱ्याला पुरेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हा तुकडा कागलच्या एका मावशींना पाठवला. त्यांचा फोन आला: "लई पळवताय बघा. माझं बोट तिथं पोचंपर्यंत तुम्ही म्होरं गेलासा."

त्या फोननंतर संहिता लिहायची रीत बदलली. आता प्रत्येक ओळ लिहिताना एकच प्रश्न: ऐकणाऱ्याचं बोट आत्ता कुठे आहे? प्रत्येक पायरीला तीन गोष्टी सांगायच्या. बोटाने काय करायचं. त्यानंतर फोन काय बोलेल, त्याच शब्दांत. आणि दुसरंच काही ऐकू आलं तर मागे कसं यायचं. 'वर उजवीकडे' हे शब्द गेले; त्याजागी 'एका बोटाने उजवीकडे स्वाइप करत राहा, टॉकबॅक असं ऐकू आलं की थांबा आणि डबल टॅप करा.' फोनची बनावट बदलली की मेनूचा क्रम बदलतो, म्हणून 'चौथा पर्याय' असं कधी म्हणायचं नाही. नाव सांगायचं.

सुरुवातीला पायऱ्यांमध्ये दोन सेकंद मोकळे सोडत होतो. मावशींना सहा-सात लागायचे. सगळ्यांसाठी सात सेकंद सोडले तर सराईत माणूस कंटाळतो. म्हणून आता भागाच्या सुरुवातीलाच सांगतो: टॉकबॅक चालू असताना दोन बोटांनी डबल टॅप केलं की चालू असलेला आवाज थांबतो, पुन्हा केलं की सुरू होतो. ऐकणाऱ्याने आपल्या वेगाने थांबावं. ज्या जुन्या फोनवर ही खूण चालत नाही त्यांच्यासाठी हेडफोनच्या तारेवरचं बटण.

टॉकबॅक कसा सुरू करायचा हे सांगण्याआधी तो बंद कसा करायचा हे सांगा. घरातलं कुणीतरी उत्सुकतेने चालू करतं आणि मग फोन 'बिघडला' म्हणून दुकानात जातो. दोन्ही व्हॉल्यूम बटणं एकदम तीन सेकंद दाबून धरण्याचा शॉर्टकट आधी चालू करून घ्यायचा, मग पुढे.

यूडीआयडीच्या भागातही मी असाच घसरलो होतो. कार्डाचा रंग दिव्यांगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे असतो: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा. मी लिहिलं होतं, 'तुमचं कार्ड पिवळं असेल तर...' संपादक मित्राने तिथेच थांबवलं. आता त्या जागी कार्डावरची टक्केवारी फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घेण्याची पायरी आहे, कार्ड किती उंचावर धरायचं त्यासकट.

परवानगीचे तेवीस दिवस

एका भागात सार्वजनिक ठिकाणची ध्वनिघोषणा, रॅम्प, तिकीट खिडकीची उंची हे तिथे जाऊन टिपायचं होतं. परवानगीचा अर्ज १ जुलैला दिला. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. अर्जाचा नमुना चित्रीकरणाचा होता: कॅमेरे किती, दिवे किती, कलाकार किती. फक्त आवाज टिपायचा आहे, माइक एक, माणसं दोन, वीज लागणार नाही, असं लिहून दिलं तरी तो 'अपूर्ण' म्हणून परत आला. कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आमच्या मैत्रिणीला तिन्ही खेपांना खाली थांबावं लागलं, आणि खाली होता तो रॅम्पही उभ्या केलेल्या दुचाकीने अडवलेला. तिने तिथे थांबून जे टिपलं तेच पुढे त्या भागाची सुरुवात झाली.

यातून शिकलो ते असं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट पोचीचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. दुसऱ्या खेपेला 'आमचा अर्ज' म्हणून काही सापडत नाही, क्रमांकाने सापडतो. आपल्याला न बसणारे रकाने रिकामे ठेवू नका, 'लागू नाही' असं लिहा. आणि सोबत दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ चा उल्लेख करा. माहिती आणि संपर्काची साधनं सुलभ असण्याबद्दलचं ते कलम आहे. तिसऱ्या खेपेला त्या ओळीकडे साहेबांचं लक्ष गेलं आणि काम पुढे सरकलं. पत्र हातात पडलं २३ जुलैला.

पाहुणे

संमती दोनदा घेतो. कागदावर सही किंवा अंगठा, आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी. तोंडी संमतीत तीन गोष्टी येतात: हे व्हॉट्सॲपवर फिरणार आहे, नंतर नको वाटलं तर आम्ही आमच्याकडून काढू, पण फिरलेली फाईल परत आणता येणार नाही. ही शेवटची ओळ सांगायला जीवावर येतं, तरी सांगायची. स्वतःची ओळख कशी करून द्यायची हेही विचारतो. कुणाला दिव्यांग शब्द चालतो, कुणाला नाही, कुणी सरळ 'मी आंधळा आहे, तसंच म्हणा' असं सांगतं. त्यांचा शब्द तो आमचा शब्द.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका पाहुण्यांचं बोलणं थांबत थांबत येतं. संपादनात ते थांबे काढले तर भाग चार मिनिटांनी लहान झाला असता. काढले नाहीत. वाक्याच्या शेवटी मी तेच पुन्हा म्हणून दाखवावं अशी एक सूचना आली होती, तीही घेतली नाही. त्या भागाची लिखित प्रत मात्र भाग निघण्याआधी तयार ठेवली, ज्याला ऐकताना अवघड जाईल त्याने सोबत वाचावं.

कर्णबधिर पाहुण्यांसाठी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी बोलावले, दोन तासांचे २,००० रुपये. ऐकू येतो तो आवाज दुभाष्यांचा आहे, विचार पाहुण्यांचे आहेत, हे सुरुवातीलाच सांगितलं. त्या भागाचं चित्रीकरण वेगळं केलं आणि ते यूट्यूबवर ठेवलं. ज्यांची पहिली भाषा हातांची आहे, त्यांना लिखित मराठी दिली म्हणजे आपलं काम झालं असं होत नाही.

गणपतीच्या दिवसांत: संपादन

२७ ऑगस्टला गणपती बसले आणि ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत रेकॉर्डिंगचा विचारही केला नाही. तो वेळ संपादनाला दिला. साधन ऑडॅसिटी, फुकट आहे आणि एनव्हीडीएबरोबर चालतं. माउस लागत नाही: आर ने रेकॉर्ड, स्पेसने सुरू-बंद. ऐकता ऐकता डावा चौकोनी कंस दाबला की निवडीची सुरुवात, उजवा दाबला की शेवट, मग डिलीट. कंट्रोल-एमने चालू जागी लेबल पडतं. मित्र पहिल्यांदा ऐकताना नुसती लेबलं टाकत जातो, कापणं दुसऱ्या फेरीला.

आवाजाच्या पातळीचा काटा मात्र हलत राहतो, तो ऐकून वापरता येत नाही. म्हणून आधी दहा सेकंद नेहमीच्या आवाजात आणि पाच सेकंद मोठ्याने हसून रेकॉर्ड करायचं, मग ॲनालाइझ मेनूतलं 'फाइंड क्लिपिंग' चालवायचं. आवाज जिथे फुटला तिथे लेबल पडतं. लेबल आलं की माइकची पातळी कमी करायची. लेबल नाही आलं तरी सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या खाली राहावा.

क्रम आम्ही असा ठरवला: आधी नॉइज रिडक्शन (मागची घरघर कमी करणं), मग ८० हर्ट्झच्या खालचं सगळं काढणं, मग कम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारा), शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन, म्हणजे एकूण आवाज ठरलेल्या पातळीला आणणं, मोनोला उणे १९ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं एकक). क्रम उलटा केला तर कम्प्रेसर आधी खोलीची घरघर वर उचलतो आणि मग ती काढताना बोलणंही कापलं जातं. आमची चूक नॉइज रिडक्शनमध्ये झाली. १२ डेसिबलवर ठेवलं होतं. आम्हाला स्वच्छ वाटलं. श्रवणयंत्रवाल्या मित्राने अर्ध्या मिनिटात सांगितलं, माणूस पाण्यात बुडून बोलतोय, 'श' आणि 'स' गायब आहेत. ६ वर आणलं, थोडी घरघर राहू दिली. श्रवणयंत्र स्वतःही आवाज साफ करत असतं. आपण आधीच खरवडून दिला तर त्याच्या हातात काही उरत नाही.

याच कारणाने बोलण्याखाली संगीत नाही. सुरुवातीला बारा सेकंद हलगी, संपली की बोलणं. बोलण्याखालचं संगीत श्रवणयंत्रात बोलण्यावर चढतं, आणि अनेक अंध श्रोते दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात, तेव्हा त्याची खिचडी होते. चित्रपटातलं गाणं वापरायचं नाही, हक्काचा प्रश्न येतो. हलगीवादकांना १,५०० मानधन देऊन गच्चीवर वाजवून घेतली. त्यांनी हलगी शेकून घेतली, हलकं वाजवून दाखवलं, आम्ही त्यावर पातळी लावली, आणि खरी कडकडली तेव्हा पहिलं रेकॉर्डिंग फुटलं. माइक सात-आठ फूट मागे नेला तेव्हा जमलं.

लिहिलेली प्रत आणि फॉन्टचं दुखणं

पंचवीस मिनिटांच्या भागाची प्रत करायला पहिल्यांदा पाच तास लागले. गूगल डॉक्सचं मराठी व्हॉइस टायपिंग वापरतो, पण रेकॉर्डिंग ऐकवून नाही. हेडफोनवर ऐकत एकजण शांतपणे पुन्हा बोलतो. आता अडीच तासांत होते. 'करायलोय', 'आलासा' हे तसंच लिहितो. ऐकू न येणाऱ्यालाही पाहुणे कसे बोलले ते कळायला हवं. वर पाच-सहा सोप्या, लहान वाक्यांत सारांश. प्रत पीडीएफमध्ये न देता वेबपानावर, मथळे मथळ्याच्याच स्टाइलमध्ये, म्हणजे एनव्हीडीएवर एच दाबत उड्या मारता येतात.

मुखचित्र एका डीटीपीवाल्यांकडून करून घेतलं, ५०० रुपये. त्यांनी सोबत परिचयाचा मजकूरही टाइप करून दिला. कागदावर देखणा. वेबपानावर टाकला आणि एनव्हीडीए इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं बडबडू लागला. मजकूर जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होता. अशा फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं; त्यांच्या जागी मराठी आकार नुसते रंगवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला मराठी नसतंच. संस्थेची नोटीस फोन वाचत नाही त्याचं कारण बहुधा हेच, किंवा मग तो कागदाचा नुसता फोटो असतो. तपासायची सोपी रीत: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. तिथेही मराठी राहिला तर युनिकोड. दुसऱ्या भागाचा अर्धा वेळ आम्ही यालाच दिला, आणि डीटीपीवाल्या दादांनी त्यात येऊन स्वतः सांगितलं की युनिकोडमध्ये द्या असं त्यांना आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

प्रसिद्धी

पॉडकास्ट साठवणाऱ्या सेवेची निवड ऑक्टोबरमध्ये केली. पहिल्या सेवेवर खातं उघडलं, सगळं चढवलं आणि मग कळलं की त्यांच्या वेबपानावरच्या प्लेच्या बटणाला नावच नाही. स्क्रीन रीडर नुसतं 'बटण, बटण, बटण' म्हणतो. सुलभतेचा पॉडकास्ट आणि सुरू करायचं बटण सापडत नाही. त्यांना लिहिलं, उत्तराची दहा दिवस वाट पाहिली, मग दुसरीकडे गेलो. खातं उघडण्याआधी त्या सेवेवरचा कुठलाही एक भाग उघडा आणि माउस बाजूला ठेवून टॅबने फिरून बघा. पाच मिनिटांत कळतं.

मुखचित्र चौरस लागतं, ॲपल पॉडकास्ट्सला १४०० ते ३००० पिक्सेलमध्ये. फोनवर ते नखाएवढं दिसतं, म्हणून चार शब्दांपेक्षा जास्त मजकूर नको, आणि अक्षर व पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १. आरएसएस फीडमध्ये, म्हणजे ॲपना भागांची यादी पुरवणाऱ्या फाईलमध्ये, दिलेला ईमेल सगळ्यांना दिसतो, तेव्हा वेगळा ईमेल काढा. भाषा म्हणून मराठी निवडायला विसरू नका. वर्णनात नावाचं रोमन स्पेलिंगही घाला, कारण शोधणारे बरेचजण तसंच टाइप करतात. स्पॉटिफायवर भाग त्याच दिवशी दिसला, ॲपलकडे फीड दिल्यावर आम्हाला चार दिवस लागले. व्हॉट्सॲपवर पोस्टर पाठवताना त्यावरचा सगळा मजकूर खाली टाइप करून द्यायचा.

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला पहिला भाग काढावा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आम्ही आधीच काढला. त्या दिवशी सगळ्यांचे फोन शुभेच्छांनी भरलेले असतात, कुणी अठ्ठावीस मिनिटं टॉकबॅक शिकत बसणार नाही.

एकूण खर्च झाला १६,३०० रुपये. वर आलेल्या रकमांखेरीज स्टँड आणि माइकवरचा फोम ६५०, पाहुण्यांचा रिक्षाखर्च १,८००. पाहुण्यांना स्वतःच्या खर्चाने बोलवायचं नाही हे पहिल्यापासून ठरलं होतं. शहरात बसने येणं जमत असतं तर रिक्षा लागलीच नसती.

मेमरी कार्डासाठी फाईलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे घालतो, कारण बटणांचा फोन त्याच क्रमाने वाजवतो. आणि प्रत्येक भागाच्या पहिल्या पाच सेकंदांत भागाचा क्रमांक बोलतो, पडदा न बघता कुठला भाग लागलाय ते कळावं म्हणून. ही सूचना गडहिंग्लजच्या एका काकांची. त्यांनी चारही भाग कार्डावर भरून घेतलेत आणि आता ओटीपीवर भाग हवा म्हणून दोनदा फोन केलाय. त्याचं रेकॉर्डिंग सोमवारी, ५ जानेवारीला आहे. काका स्वतःच पाहुणे आहेत, त्यांचा बटणांचा फोन घेऊन येणार आहेत.